‘तुमचा डंप पाठवा, चेक करून देतो’ : बायोस फाइल विकणाऱ्यांपासून सावध

लॅपटॉपचा बायोस, म्हणजे मशिन सुरू करणारा चिपवरचा मूळ प्रोग्रॅम, उडाला की त्याची ‘रेडी डंप फाइल’, म्हणजे चिपवरच्या सगळ्या मजकुराची प्रत, विकणारे ऑनलाइन पुष्कळ भेटतात. मॉडेल नंबर सांगा, पैसे पाठवा, फाइल चिपवर चढवा, लॅपटॉप चालू. माझा लॅपटॉप त्या फाइलने खरंच चालू झाला. खरी फसवणूक त्यानंतर उलगडत गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बिघाड नेहमीचाच. बायोस अपडेट अर्ध्यावर असताना मशिन बंद पडलं. त्यानंतर पॉवरचा दिवा लागायचा, पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळीच. अशा वेळी काही कंपन्यांनी बटणांची सोय ठेवलेली असते. एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये विंडोज आणि बी, डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप दाबून धरायचं. ते आधी करून बघावं, फुकट आहे. माझ्या मशिनवर असं काही चाललं नाही. मग राहिला एकच मार्ग: तळाचं झाकण उघडायचं, बोर्डावरची आठ पायांची फ्लॅश चिप शोधायची, तिला क्लिप लावायची आणि सीएच३४१ए प्रोग्रॅमरने (चिप वाचणारं-लिहिणारं यूएसबी उपकरण) ती नव्याने लिहायची.

पहिली थाप या प्रोग्रॅमरच्याच जाहिरातीत होती. ‘३.३ आणि १.८ व्होल्ट, दोन्ही चिप सपोर्ट’ असं ठळक लिहिलेलं. हातात आला तो नेहमीचा काळा बोर्ड. त्याच्यावर १.८ व्होल्टची काहीही सोय नसते, त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो. वर मल्टिमीटर लावला तर पॉवरच्या पायावर ३.३ व्होल्ट, पण डेटाच्या पायांवर जवळपास ५. कारण बोर्डावरची मुख्य चिपच ५ व्होल्टवर चालवलेली असते. ३.३ व्होल्टच्या बऱ्याच चिपा हे सोसून घेतात, १.८ वाली जळू शकते. त्यामुळे चिपवरचं नाव भिंगाने वाचल्याशिवाय क्लिप लावू नका. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू१२८ मध्ये शेवटी एफव्ही असेल तर ३.३, एफडब्ल्यू असेल तर १.८. मॅक्रॉनिक्समध्ये एमएक्स२५एल म्हणजे ३.३ आणि एमएक्स२५यू म्हणजे १.८. एका अक्षरावर बोर्ड जातो. माझी चिप सुदैवाने एफव्ही निघाली. चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून ठेवल्यावरच क्लिप लावायची, हे वेगळं सांगायला नको.

आता फाइल विकणारा. मेसेजिंग अ‍ॅपवर त्याचं दुकान, चालू झालेल्या स्क्रीनच्या फोटोंचा भलामोठा अल्बम, आणि प्रत्येक वाक्यात दोनदा ‘सर’. फाइल ‘१०० टक्के टेस्टेड, एमई क्लीन’ आहे म्हणाला (एमई म्हणजे चिपवरचा मॅनेजमेंट इंजिनाचा भाग, त्याचं पुढे येईल). पैसे गेल्यावर फाइल आली आणि सोबत सूचनाही: “सर, बॅकअप घेत बसू नका. तुमचा डंप करप्टच आहे, काय कामाचा? डायरेक्ट इरेज करा आणि माझी फाइल टाका.”

पूर्ण व्यवहारातलं सगळ्यात घातक वाक्य हेच होतं.

अपडेट अर्धवट राहिलं म्हणजे अख्खी चिप खराब झाली, असं नसतं. इंटेलच्या मशिनमध्ये चिपचे भाग पाडलेले असतात. सुरुवातीच्या ४ केबीमध्ये डिस्क्रिप्टर, म्हणजे पुढच्या भागांचा नकाशा. मग मॅनेजमेंट इंजिनाचा, म्हणजे एमईचा भाग. इंटेलचं वायर्ड नेटवर्क असेल तर त्याचा छोटा भाग, त्यात नेटवर्कवरची ओळख म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. आणि बायोसचा मोठा भाग. बऱ्याच लॅपटॉपमध्ये मशिनचा सिरियल नंबर, यूयूआयडी (मशिनचा ओळख क्रमांक) आणि विंडोजची २५ अक्षरी की याच चिपवर असते. अपडेट अडखळल्याने यातला एखादा तुकडा बिघडतो, बाकीचं शाबूत राहतं. इरेज दाबलं की ते शाबूत असलेलंही जातं, आणि मग तुम्ही कायमचे त्या विक्रेत्याच्या फाइलवर अवलंबून. म्हणून चिप दोनदा वाचून दोन्ही फाइलींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, जुळवावा, जुळला तरच तो बॅकअप खरा. १६ एमबीच्या चिपची फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइट्सची हवी. मी त्याचं न ऐकता हे सगळं करून ठेवलं होतं, म्हणून आज लिहायला लॅपटॉप आहे.

फाइल चढवली, व्हेरिफाय झाली, लोगो आला. “फोटो पाठवा सर, लगेच!” मी पाठवला. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. विंडोजने बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. बिटलॉकर चालू असताना फर्मवेअर (चिपवरचा प्रोग्रॅम) बदललं की हे बहुधा होतं, आणि की माझ्याकडे होती. ज्यांच्याकडे नसेल त्यांचा सगळा डेटा तिथेच कुलूपबंद. आत शिरल्यावर सिस्टिमने दाखवलेला सिरियल नंबर तळाच्या स्टिकरशी जुळेना. पंखा सतत जोरात. साधारण अर्ध्या तासाने मशिन आपोआप बंद. एमईचा भाग नीट नसला की काही मशिन बरोबर असं करतात, तेव्हा ‘एमई क्लीन’चा अर्थ कळला. आणि बायोस सेटअपमध्ये जायला गेलो तर पासवर्ड. मी कधीच न लावलेला.

विक्रेत्याला विचारलं. तो जराही गडबडला नाही. “हो सर, त्या फाइलला लॉक आहे. अनलॉक चार्ज वेगळा पडेल.” आणि लगेच पुढे, “किंवा असं करा, तुमचा ओरिजिनल डंप असेल तर पाठवा, फ्रीमध्ये चेक करून देतो.” आत्तापर्यंत ज्याला माझा डंप कचरा वाटत होता, त्याला तो अचानक हवासा झाला.

मग मी त्याची फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. आत कुणा अनोळखी माणसाच्या लॅपटॉपचा सिरियल नंबर, त्याचा मॅक अ‍ॅड्रेस, त्याची विंडोज की. पासवर्डही अर्थात त्याचाच. हा डंप विक्रेत्याकडे कसा आला असेल? माझा तर्क असा की माझ्यासारखंच कुणीतरी तो ‘फ्री चेकिंग’साठी पाठवला असणार. त्याचं दुकान गिऱ्हाइकांच्याच मालावर चालतं. मी पाठवला असता तर पुढच्या कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये माझा सिरियल नंबर आणि माझी लायसन्स की जाऊन बसली असती. डंप म्हणजे लॅपटॉपचं आधार कार्डच, अनोळखी माणसाच्या हाती द्यायचं नाही.

पुढची तपासणी जास्त झोंबली. कंपनीच्या सपोर्ट पानावरून माझ्या मॉडेलचं बायोस अपडेट फुकट उतरवलं. ती फाइल जशीच्या तशी चिपवर चढवता येत नाही. तिला वर हेडर असतो, कधी एकात दोन-तीन मॉडेलचे बायोस असतात, आकारही चिपशी जुळत नाही. पण यूईएफआयटूल या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडून आतले भाग वेगळे करता येतात. ते विकत घेतलेल्या फाइलशी ताडून पाहिले. बायोसचा कोड बाइटला बाइट तोच. म्हणजे पैसे मोजून मी विकत काय घेतलं, तर फुकट मिळणारा कोड आणि वर दुसऱ्याची ओळख.

दुरुस्ती शेवटी माझ्याच ‘करप्ट’ डंपमधून झाली. यूईएफआयटूलने त्यात एकाच व्हॉल्यूमचा, म्हणजे भागाचा, चेकसम (तपासणीचा आकडा) चुकीचा दाखवला. तेवढा तुकडा कंपनीच्या फाइलमधून घेऊन, त्याच जागी, तेवढ्याच लांबीचा बसवला. बाकी डिस्क्रिप्टर, एमई, सिरियल नंबर, सगळं माझं जसंच्या तसं. लिहिलं, व्हेरिफाय केलं, लॅपटॉप उठला. पासवर्ड गेला, अर्ध्या तासाचं बंद पडणं गेलं. प्रत्येकाचा डंप इतका सरळ नसेल, काहींना एमईचा भाग वेगळा स्वच्छ करावा लागतो आणि ते काम खरंच किचकट आहे. पण सुरुवात स्वतःच्या डंपपासूनच करायची.

असे विक्रेते एकदा माहीत झाले की ओळखायला सोपे आहेत. चिपचं नाव न विचारता फक्त मॉडेल नंबरवर फाइल देतात. बोर्डाच्या आवृत्तीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ‘मॉडिफाइड सुपर बायोस’ वगैरेही विकतात. इंटेलचं बूट गार्ड (सुरुवातीच्या कोडची स्वाक्षरी तपासणारी सोय) चालू असलेल्या मशिनवर तो कोड बदलला तर मशिन सहसा चालूच होत नाही, तेव्हा त्या बढाया ऐकून सोडून द्याव्यात. आणि रिमोट अ‍ॅक्सेस मागणारे तर आणखी एक पाऊल पुढचे. चिप तुमच्या टेबलावर, क्लिप तुमच्या हातात, त्याला तुमच्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून काय करायचंय?

उलट, जाणकार कारागीर पहिल्यांदा बॅकअप आहे का विचारतो. त्याला पैसे जरूर द्यावेत, हे कौशल्याचं काम आहे.

कुणी आधीच दुसऱ्याचा डंप चढवून बसलं असेल आणि स्वतःचा बॅकअप नसेल, तर सिरियल नंबर तळाच्या स्टिकरवर मिळतो, मॅक अ‍ॅड्रेस जुन्या राउटरच्या यादीत किंवा खोक्यावर सापडू शकतो. विंडोजचं लायसन्स पूर्वी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं असेल तर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमधून ते परत लागू करून बघता येतं.

पैशांचं म्हणाल तर पेमेंट अ‍ॅपकडे तक्रार केली. विक्रेत्याने उत्तरादाखल मी पाठवलेला लोगोचा फोटो जोडला, माल चालला याचा पुरावा म्हणून, आणि तक्रार बंद झाली. मला ब्लॉक करण्याआधी तोच फोटो त्याच्या अल्बममध्येही चढला होता, खाली ‘हॅपी कस्टमर’ लिहून.