लेख माझा, नाव डॉक्टरांचं, पैसा कंपनीचा

औषधांवर आणि प्रिस्क्रिप्शनवर फ्रीलान्स लिहिणाऱ्यांनी, विशेषतः नवख्यांनी, हे जरूर वाचावं.

एका 'वैद्यकीय शिक्षण' संस्थेच्या संपादक म्हणवणाऱ्या बाईंचा मेल आला. डॉक्टरांसाठी एका औषधगटाचा निष्पक्ष आढावा हवा होता, मानधनही चांगलं होतं. पैसे कोण देतंय, हे मी सुरुवातीलाच विचारलं. उत्तर आलं: शैक्षणिक अनुदान. कंपनीचा संबंध नाही.

सोबत निवडक शोधनिबंधांचा गठ्ठा आला. मी त्याच्या बाहेर जाऊन ट्रायलच्या नोंदी काढल्या, औषधाचं अधिकृत माहितीपत्रक वाचलं, रोज ही औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलले आणि मसुदा पाठवला.

परत आलेल्या फाइलमध्ये समासात शेरे होते आणि शेरे मारणारा माणूस मला अनोळखी होता. शोधल्यावर कळलं, तो औषध बनवणाऱ्या कंपनीच्या मार्केटिंग विभागातला.

बदल काय केले होते ते नीट बघा. मी लिहिलं होतं, औषध न घेणाऱ्या शंभरांपैकी तिघांना झटका आला, घेणाऱ्या शंभरांपैकी दोघांना. त्याचं झालं, 'धोका 33 टक्क्यांनी घटतो.' गणित बरोबर आहे, म्हणून तर कुणी बोट ठेवू शकत नाही. पण वाचणाऱ्या डॉक्टरला कळतच नाही की एकाचा झटका टाळायला शंभर जणांना गोळी द्यावी लागते. दुष्परिणामांचं माप मात्र उलटं. तिथे प्रमाण दुप्पट झालं होतं, पण 'दुप्पट' खोडून 'एक टक्क्याहून कमी रुग्णांत' असं केलं. फायदा एका तराजूत, तोटा दुसऱ्यात! आणि एका डॉक्टरांचं वाक्य होतं, 'वृद्धांना किडनीची तपासणी केल्याशिवाय देऊ नये.' त्याचं उरलं, 'वृद्धांनाही देता येते.' या एका वाक्यापायी कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. मला अजूनही त्याचाच सर्वात जास्त संताप येतो.

मी नकार दिला. बाई म्हणाल्या, लेख तसाही एका नामांकित तज्ज्ञांच्या नावाने जाणार आहे, तुमचं नाव येणारच नाही. करारात मानधन 'संपादकांच्या मंजुरीनंतर' असं स्पष्ट होतं. आता सांगितलं गेलं की मंजुरी म्हणजे 'क्लायंटची मंजुरी'. लेख बदललेल्या रूपात छापून आला. पैसे आले नाहीत.

हे नवं नाही. पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाच्या चाचणीचा निबंध, 'स्टडी 329', 2001 साली 22 लेखकांच्या नावाने छापला गेला. त्याचा मसुदा औषध बनवणाऱ्या कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या लेखिकेने केला होता. किशोरवयीनांसाठी औषध गुणकारी आणि सहज सोसवणारं आहे, असा त्याचा निष्कर्ष. 2015 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याच आकड्यांची फेरतपासणी आली, तेव्हा औषध गुणकारीही नव्हतं आणि सुरक्षितही नव्हतं.

म्हणून मसुदा पाठवण्याआधी लेखी घ्या: अनुदान नेमकं कुणाचं, मजकुरात कोण बदल करणार, लेखक म्हणून कुणाचं नाव जाणार. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम यात उपयोगी पडतात. लेखक म्हणून नाव लावायचं तर लेखनात खरा वाटा हवा आणि मजकुराची जबाबदारीही घ्यायला हवी. लेखनात दुसऱ्याची मदत झाली असेल तर ती, आणि तिचा खर्च कुणी केला तेही, जाहीर करावं लागतं. 'माझं नाव आभारात, कंपनीच्या नावासकट, छापाल का?' असं विचारून बघा. टाळाटाळ झाली तर काम सोडा.

निम्मे पैसे आगाऊ मागा, मूळ मसुदा तारखेसह जपून ठेवा आणि मुलाखत दिलेल्या डॉक्टरांना त्यांची वाक्यं लेखी पाठवा. मी ती पाठवली होती, म्हणून त्या किडनीच्या वाक्याबद्दल त्यांनी स्वतः नियतकालिकाला पत्र लिहिलं. सोबत माझा मसुदाही गेला आहे. दुरुस्ती अजून छापलेली नाही.