सर्व्हरवर डेबियन स्टेबल, सहा वर्षांनंतर

२०१९ ला डेबियन १० (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) आलं तेव्हा पहिल्यांदा सर्व्हरवर टाकलं, मग तीच मशीन्स ११ वर नेली, मग १२ वर, आणि आता १३ चं काम चालू आहे. एकदाही सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करावं लागलं नाही, हे आधीच सांगतो.

त्याआधी एक सतत अपडेट होत राहणारी डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) वापरायचो, नाव नको. सगळं कायम लेटेस्ट, त्यामुळे भारी वाटायचं. एका रात्री नेहमीसारखं अपडेट मारलं आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचं मेजर व्हर्जनच बदललं, जुना डेटा नवीन व्हर्जनला उघडेना, सर्व्हिस उठेना, पहाटे चारपर्यंत बॅकअप रिस्टोअर करत बसलो. मशीन बंद पडलं नव्हतं बरं का, डिस्क ठणठणीत, रॅम ठणठणीत. तरी साइट बंद.

म्हणून सांगतो, स्टेबल म्हणजे हँग होत नाही एवढंच नाही, काल जसं वागत होतं तसंच आज वागतं, हे खरं स्टेबल. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं तेव्हा त्यात पीएचपी ८.२, पोस्टग्रेस १५ आणि ६.१ चं कर्नल (सिस्टिमचा गाभा) होतं आणि ते तिथेच राहिलं, सिक्युरिटी फिक्स बहुतेक वेळा त्याच जुन्या व्हर्जनमध्ये आणून बसवतात, कॉन्फिग फाइलला हात लावावा लागत नाही. त्यामुळेच रात्री आपोआप सिक्युरिटी अपडेट होऊ द्यायची हिंमत होते. माझ्या मते सगळी किंमत इथेच वसूल होते, कारण ज्याला अपडेटची भीती वाटते तो अपडेट पुढे ढकलतो आणि तिथेच सर्व्हर हॅक होतो. चारशे दिवसांचा अपटाइम (रीबूट न करता सलग चालू) कौतुकाने दाखवणारे भेटतात, पण नवीन कर्नल नुसतं इन्स्टॉल करून काय उपयोग, रीबूट केल्याशिवाय जुनंच चालू राहतं ना.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या टूलमध्ये कुणीतरी मुद्दाम घुसवलेलं बॅकडोअर (चोरवाट) सापडलं, ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून तयार होत असलेल्या आवृत्त्यांमध्ये ते पोचलं होतं, स्टेबलमध्ये मात्र ५.४.१ होतं. त्या दिवशी सगळ्या मशीन्सवर व्हर्जन तपासलं आणि शांत झोपलो.

सगळंच गोड आहे असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एका कर्नल अपडेटमध्ये ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवरचा डेटा खराब करणारा बग आला होता, १२.३ ची रिलीज त्यांनी थांबवली आणि दुरुस्त कर्नल घालून थेट १२.४ काढलं. तेव्हापासून आधी टेस्ट मशीन, दोन दिवसांनी बाकीची, हा नियम मी मोडत नाही. दुसरा त्रास म्हणजे ऑडिटवाल्यांचे स्कॅनर, त्यातले काही नुसता व्हर्जन नंबर बघून लाल रिपोर्ट काढतात, मग डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर उघडून एकेक सीव्हीई (नोंदवलेली सिक्युरिटी त्रुटी) दाखवत बसावं लागतं. अगदी नवीन हार्डवेअर असेल तर नेटवर्क कार्डसुद्धा ओळखलं जात नाही कधीकधी, तेव्हा बॅकपोर्ट्समधून (स्टेबलसाठी बनवलेली नवीन व्हर्जन्स) कर्नल घ्यायचं.

सपोर्ट साधारण ३ वर्षं, त्यावर २ वर्षं एलटीएस (वाढीव सपोर्ट), म्हणजे ५. मला पुरतो, कारण अपग्रेडची तारीख मी ठरवतो.

१३ वर जाणार असाल तर रिलीज नोट्स पूर्ण वाचा. त्यात टीएमपी (तात्पुरत्या फाइलचं) फोल्डर आता डीफॉल्टने रॅममध्ये जातं, आमची एक बॅकअप स्क्रिप्ट तिथेच मोठमोठ्या फाइल टाकायची, वेळेत वाचलं म्हणून ती आधीच दुसरीकडे वळवून घेतली.