केर यांचा माया पात्रसंग्रह: उत्तम, पण डोळसपणे पाहावा असा

मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांची रंगीत मातीची पात्रे घरबसल्या पाहायची असतील, तर न्यूयॉर्कचे छायाचित्रकार जस्टिन केर यांनी उभारलेल्या ‘माया व्हेस डेटाबेस’ या ऑनलाइन छायाचित्रसंग्रहाइतकी सोयीची जागा माझ्या पाहण्यात नाही. दंडगोल पात्रावरचे चित्र भोवताली वळत जाते आणि संग्रहालयाच्या काचेबाहेरून त्याची एकच बाजू दिसते. केर यांनी १९७०च्या दशकात यावर उपाय शोधला: पात्र फिरत्या तबकडीवर एक गिरकी घेते, त्याच वेगाने फिल्म अरुंद फटीमागून सरकते आणि सगळे चित्र एका आडव्या पट्टीत उलगडते. अशा हजाराहून अधिक पट्ट्या येथे आहेत. त्यांना केर यांनी दिलेले क्रमांक अभ्यासकही प्रमाण मानतात.

सुरुवात के ५११ या पात्रापासून करावी. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातील हे पात्र इसवी सन ६७० ते ७५० या काळातले असून त्याची उंची जेमतेम साडेएकवीस सेंटिमीटर आहे. आसनावर बसलेला म्हातारा देव एका स्त्रीच्या मनगटावर कंकण बांधतो आहे, दुसरी स्त्री एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात कोकोचे पेय ओतून फेस आणते आहे आणि आसनाखाली एक ससा चक्क पोथी लिहीत बसला आहे. पलीकडे एका बंदिवानाचा शिरच्छेद चालला आहे, आणि त्याकडे लक्ष वेधण्यासाठी एक स्त्री आपल्या सोबतिणीच्या पायाला हळूच स्पर्श करते आहे. चाकाचा वापर न करता घडवलेल्या पात्रावर, मातीच्याच पातळ रंगांनी इतकी सफाईदार रेषा काढणाऱ्या हाताचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. अशा अनेक पात्रांच्या काठाखाली चित्रलिपीची ओळ असते. पात्र कोणत्या प्रकारचे, त्यात काय प्यायचे आणि ते कोणाचे, हे ती सांगते. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, त्याच जातीचा हा मजकूर आहे.

मात्र उलगडलेली पट्टी म्हणजे पात्र नव्हे. गोल चित्राला सुरुवात नसते, पट्टीला ती द्यावी लागते, आणि चित्र कुठे कापायचे हे छायाचित्रकार ठरवतो. म्हणून शेजारच्या आकृती पट्टीच्या दोन टोकांना गेल्या तर त्यांचा संबंध सहज नजरेतून सुटतो. त्याहून गंभीर बाब अशी, की यातील पुष्कळ पात्रे थडगी लुटणाऱ्यांच्या हातून बाजारात आली आहेत. ती नेमकी कुठे आणि कोणाजवळ पुरलेली होती, हे कळण्याचा मार्गच त्यामुळे बंद झाला. काहींवर विक्रीपूर्वी नवा रंगही चढवलेला असतो, जो छायाचित्रात ओळखणे कठीण जाते. त्यामुळे चित्रांसाठी हा संग्रह मनसोक्त वापरावा, पण एखाद्या बारकाव्यावर निष्कर्ष उभारण्यापूर्वी शास्त्रशुद्ध उत्खननात सापडलेल्या पात्रांशी तो ताडून घ्यावा.