जबड्याचं मॉडेल: स्नायू झकास, सांध्यात मात्र घोळ

तीन स्टार देतेय, त्यातले अडीच एकट्या पट्ट्यांचे.

मी डेंटलला फर्स्ट इयरला आहे, हेड अँड नेकची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, जवळ आली म्हणून हे ऑनलाइन मागवलं. खऱ्या मापाची प्लास्टिकची कवटी, उघडमीट होणारा खालचा जबडा आणि चावायचे स्नायू म्हणून हुकांना अडकवायच्या रंगीत इलॅस्टिकच्या पट्ट्या. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'फंक्शनल'. त्या शब्दावर येते नंतर.

आधी चांगलं सांगते. मॅसेटर सगळ्यांनाच कळतो, दात आवळून गालावर बोट ठेवलं की तो टणक गोळा लागतो, त्यात काही विशेष नाही. पण मीडियल टेरिगॉइड मला पुस्तकातल्या चित्रात कधीच दिसला नव्हता, कारण तो जबड्याच्या आतल्या बाजूला आणि चित्र सपाट, मग हाड कापून दाखवतात आणि आपण त्या कापलेल्या हाडातच हरवतो. इथे मी कवटी उलटी धरून खालून बघितलं आणि ट्यूब पेटली. बाहेरून मॅसेटरची लाल पट्टी, आतून याची निळी, दोन्ही तिरक्या खाली येऊन जबड्याच्या कोपऱ्यालाच धरतात, म्हणजे जबडा अक्षरशः झोळीत टांगलाय. टेम्पोरॅलिससाठी एकच पट्टी न देता तीन दिल्यात, कानशिलावर पंख्यासारख्या पसरलेल्या, आणि तिन्ही गालाच्या हाडाच्या कमानीखालून जाऊन जबड्याच्या पुढच्या टोकाला, म्हणजे कोरोनॉइडला लागतात. पुढची पट्टी उभी, मागची जवळजवळ आडवी, त्यामुळे मागची ओढली की पुढे काढलेला जबडा आत जातो. हे पाठ करायला मला दोन दिवस लागले होते, हाताने ओढून बघितल्यावर पाच मिनिटांत बसलं डोक्यात.

सोबतच्या कागदावर मात्र 'चावण्याचे 5 स्नायू' असं छापलंय आणि पाचवा म्हणून हिरवा बक्सिनेटर. अहो नाही! तो गालाचा स्नायू, घास दातांखाली ढकलायला मदत करतो हे खरं, पण त्याची नस फेशियल, सातवी. चावायचे स्नायू चारच, आणि चारही मॅन्डिब्युलर नर्व्हवर चालतात, म्हणजे पाचव्या नसेची तिसरी शाखा. व्हायवात पाच म्हणालात तर तिथेच विकेट.

आता सांधा. इथे मात्र डोकं फिरलं माझं, कारण मॉडेल घ्यायचं अर्धं कारण माझा स्वतःचा जबडा होता, जांभई देताना डाव्या बाजूला टक् वाजतं, ते नेमकं काय वाजतं हे मला बघायचं होतं. या मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंना एकेक स्प्रिंग आहे आणि जबडा त्या स्प्रिंगवर दाराच्या बिजागरीसारखा खाली-वर होतो, बास. खरा सांधा असा नसतोच. वाचता वाचताच करून बघा, कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट ठेवा आणि हळूहळू आ करा. साधारण पहिले दोन सेंटिमीटर उघडेपर्यंत हाडाचा गोळा, म्हणजे कॉन्डाइल, मुख्यतः जागच्या जागी फिरतो, आणि अजून उघडलं की तो चक्क पुढे घसरतो आणि बोटाखाली खड्डा पडतो. वरच्या खोबणीतून निघून पुढच्या उंचवट्याखाली येतो तो, तेव्हा कुठे तोंड पूर्ण उघडतं.

हे जमतं मधल्या चकतीमुळे. दोन्ही बाजूंनी खोलगट, मध्ये पातळ अशी चिवट चकती सांध्याचे वर-खाली दोन कप्पे करते, खालच्या कप्प्यात फिरणं आणि वरच्या कप्प्यात घसरणं. ती कॉन्डाइलला दोन्ही बाजूंनी बांधलेली असते, टोपीसारखी, आणि त्याच्यासोबत पुढे जाते. टक् वाजतं ते बहुतेक वेळा असं की चकती आधीच पुढे सरकून बसलेली असते आणि तोंड उघडताना कॉन्डाइल उडी मारून परत तिच्याखाली शिरतो. आणि या लोकांनी चकती काय केली? गुलाबी रबराचा तुकडा ग्लूने वरच्या खोबणीत चिकटवून टाकला!

त्याचा फटका मला व्हायवातच बसला. चावायचा चौथा स्नायू लॅटरल टेरिगॉइड, त्याची पिवळी पट्टी मी काढली तरी जबडा आधीसारखाच उघडतो हे मी घरी बघून ठेवलेलं, त्यामुळे सरांनी "एका बाजूचा लॅटरल टेरिगॉइड बंद पडला तर काय होईल?" विचारल्यावर मी आत्मविश्वासाने म्हटलं, "फारसं काही नाही सर." सर दोन सेकंद नुसते बघत राहिले. कॉन्डाइलला पुढे ओढणारा मुख्य स्नायूच तो, एका बाजूला बंद पडला तर तोंड उघडताना जबडा त्याच बाजूला वाकडा जातो. पण इथे सांधा घसरतच नाही तर पट्टी बिचारी ओढणार कशाला!

सेलरला मेसेज टाकला, तर उत्तर आलं, "मॅडम, जबडा उघडतोय ना?"

शेवटी पकडीने दोन्ही स्प्रिंगा काढल्या, ग्लू खरवडून चकत्या सोडवल्या आणि दोऱ्याने कॉन्डाइललाच बांधल्या. आणि काय सांगू, आता हे खरंच 'फंक्शनल' मॉडेल झालंय. जबडा फार पुढे ओढला की कॉन्डाइल उंचवट्याच्या पलीकडे जाऊन अडकतो, आणि लाल पट्ट्या त्याला तिथेच वर खेचून धरतात, म्हणजे जबडा निखळलेल्या माणसाचं तोंड मिटत का नाही ते डोळ्यांसमोर. सरळ मागे ढकलला तर हलत नाही, दाढांवर अंगठे ठेवून आधी खाली दाबायचा आणि मग मागे न्यायचा, तेव्हा खट्कन बसतो. (हे मॉडेलवर हं, माणसाचा निखळला तर डॉक्टरकडेच न्या.)

स्नायू शिकायचे असतील तर घ्या, सांध्यासाठी घेणार असाल तर पकड आणि दोरा हाताशी ठेवा. आणि पिवळी पट्टी एक्स्ट्रा मिळते का ते आधीच विचारा, माझी आठव्या दिवशी तुटली, सध्या तिथे केसांचं रबर लावलंय.