ऑटोक्रॉस की रॅली: पहिल्या मोसमाआधी

दारात जुनी स्विफ्ट किंवा जिप्सी आहे, थोडे पैसे साठवलेत. ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानात आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर, वेळ लावून) उतरायचं की थेट रॅलीला (वाहतूक बंद केलेल्या रस्त्यांवर, शेजारी को-ड्रायव्हर घेऊन)?

थरार वेगात असतो असं वाटतं, पण खरा थरार पकड सुटण्यात आहे. सुट्या मातीत ताशी ६० किमीला गाडी आडवी सरकू लागली की स्टिअरिंग सांभाळताना पुरेसा घाम फुटतो. रॅलीच्या सरळ पट्ट्यावर तीच गाडी १२०ला जाते. वेग दुप्पट, आदळली तर ऊर्जा चौपट. शिवाय ऑटोक्रॉसला आजूबाजूला मोकळं मैदान, रॅलीत बाभळी आणि नाले.

तरी ऑटोक्रॉस निर्धोक नाही. एकाच वळणावरून गाड्या जात राहिल्या की माती उकरून चाकोऱ्या पडतात. आडव्या सरकणाऱ्या गाडीचं बाहेरचं चाक त्यात अडकलं, की कमी वेगातही ती उलटते. जिप्सीसारखी उंच गाडी तर आधी. दुसऱ्या फेरीआधी ट्रॅक पुन्हा पायी बघा. सकाळी वळणातून गाडी ज्या मार्गाने नेली, ती लाइन दुपारी चालेलच असं नाही.

खर्चात सगळ्यात मोठी चूक इथे होते: हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून आवळणारा शर्यतीचा पट्टा) आत्ता, केज (टप दबू नये म्हणून गाडीत बसवलेला पाइपांचा सांगाडा) पुढच्या वर्षी. गाडी उलटून टप दबला तर साध्या बेल्टमध्ये अंग थोडं बाजूला झुकतं, हार्नेस मात्र दबणाऱ्या टपाखाली ताठ धरून ठेवतो. केज नसेल तर कंपनीचा बेल्टच बरा. खांद्याचे पट्टे सीटमागे थेट फ्लोअरला आवळणं त्याहून वाईट, धक्क्यात ते मणका खाली दाबतात. मागे जाताना पट्ट्यांचा उतार आडव्या रेषेपासून ४५ अंशांच्या आत हवा, १०च्या आसपास उत्तम.

रॅलीत केजला पर्यायच नाही. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) नियमात मुख्य हूपला, म्हणजे पुढच्या सीटमागच्या कमानीला, ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमीचा (व्यास × जाडी) सीमलेस, म्हणजे बिनजोड, पाइप लागतो आणि बोल्टने बसवलेल्या पायांखाली किमान ३ मिमी जाड, १२० चौ. सेंमीचा पत्रा. पत्रा वगळला तर पाय फ्लोअर फाडून खाली जातो. फॅब्रिकेटर ‘हाच पाइप चालतो’ म्हणाला, तर आतून शिवण दिसते का बघा.

पेस नोट्स (पुढच्या वळणांची टिपणं) वाचणारा भरवशाचा को-ड्रायव्हर आणि केजचे पैसे यांपैकी एकही नसेल तर पहिला मोसम ऑटोक्रॉसच. परवाना एफएमएससीआयचा (भारतातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचा) काढा. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यतीतलं नुकसान धरत नाहीत, तेव्हा हप्ते चालू असलेली गाडी उतरवू नका. आणि केज बसवलेली गाडी रोज ऑफिसला नेऊ नका. हेल्मेट नसलेलं डोकं त्याच पाइपवर आपटतं.