ओळखीच्या इंग्रजी शब्दांचे अनोळखी अर्थ : अँकीच्या काही महिन्यांच्या वापरानंतर

मराठी माध्यमातून येऊन एलएलबी करणाऱ्याला लॅटिन शब्द छळतात, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. लॅटिन शब्द आला की आपण थांबतो आणि कोश उघडतो. ‘प्रिफर’, ‘एन्टरटेन’, ‘अप्रिशिएट’ या शब्दांपाशी मात्र कुणी थांबत नाही, कारण ते शाळेपासून येत असतात. निकालपत्रात अपील ‘प्रिफर’ केलं म्हणजे ते दाखल केलं. कोर्टाने दावा ‘एन्टरटेन’ केला म्हणजे तो विचारासाठी घेतला. पुरावा ‘अप्रिशिएट’ केला म्हणजे तो पारखला, कौतुकाचा तिथे काही संबंध नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचं कामकाज घटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार मुख्यतः इंग्रजीत चालतं, त्यामुळे हे शब्द टाळून पुढे जाता येत नाही. अशाच शब्दांसाठी गेले काही महिने मी रोज अँकी वापरते आहे.

अँकी हे डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणलेलं कार्डांचं सॉफ्टवेअर आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर कितपत आठवलं ते आपणच बटण दाबून सांगायचं, आणि त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ते ठरवतं. चांगलं आठवत असेल तर अंतर वाढत जातं, विसरलो तर कार्ड लवकर परत येतं. एवढंच त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं.

अनेक अर्थांच्या शब्दांसाठी मात्र कार्ड कसं बनवलंय यावर सगळं अवलंबून आहे. इंटरनेटवर मिळणारे बरेचसे तयार संच एका बाजूला ‘चार्ज’ लिहितात आणि दुसऱ्या बाजूला ‘शुल्क, आरोप, हल्ला, ताबा, विद्युतभार’ अशी माळ लावतात. पाचांपैकी तीन आठवले तर कोणतं बटण दाबायचं? आणि पाचही घोकले तरी वाक्यात नेमका कोणता बसतो हे कळत नाहीच. असे संच मी कुणालाही सुचवणार नाही.

माझी पद्धत अशी. समोर सुटा शब्द ठेवत नाही, मी स्वतः वाचलेल्या निकालातलं किंवा कायद्यातलं पूर्ण वाक्य ठेवते आणि त्यातला शब्द ठळक करते. मागे फक्त त्या वाक्यातला अर्थ, कोर्टात चालणाऱ्या मराठीत. ‘एक्झिक्युट’ची तीन कार्डं आहेत : खरेदीखत करून देणं, हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणं (जिला आपल्याकडे सगळे दरखास्त म्हणतात) आणि फाशी देणं. ‘इश्यू’ची दोन : दाव्यात कोर्ट काढतं ते मुद्दे, आणि मृत्युपत्रात येणारी संतती. ‘कन्सिडरेशन’ला १८७२ च्या करार कायद्यात मोबदला म्हणायचं. एरवीचा ‘विचार’ हा अर्थ तिथे घेतला तर अख्खं कलम उलगडतच नाही. मराठी प्रतिशब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी असावा. सर्वसाधारण इंग्रजी शब्दकोशात कायद्याचा अर्थ बरेचदा पार खाली सापडतो, कारण रोजच्या वापरातले अर्थ आधी दिलेले असतात.

इथे अँकीची एक सोय फार उपयोगी पडली, आणि तिच्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. अँकीत आपण माहिती ‘नोंदी’त भरतो आणि एका नोंदीतून अनेक कार्डं निघू शकतात. या नोंदीचा स्वतःचा प्रकार बनवता येतो. मी त्यात शब्द आणि वाक्य-अर्थाच्या चार जोड्या असे रकाने केले, आणि प्रत्येक जोडीचं वेगळं कार्ड. जी जोडी रिकामी असेल तिचं कार्ड तयारच होत नाही. मग सेटिंगमध्ये एकाच नोंदीतून निघालेली भावंडं, म्हणजे बाकीची कार्डं, त्या दिवसापुरती बाजूला ठेवायचा पर्याय चालू करायचा. तो आपोआप चालू नसतो. हे केलं नाही तर ‘बार’चे तीन अर्थ पाठोपाठ येतात आणि पहिल्याच्या आधाराने उरलेले दोन ओळखले जातात. ती आठवण खरी नसते.

मागच्या बाजूला, अर्थाखाली, मी एक ओळ जास्तीची लिहिते : हे सगळे अर्थ कुठून फुटले. ‘चार्ज’च्या मुळाशी गाडीवर माल लादणं आहे. बंदुकीत दारू लादली, आरोपीवर दोष लादला, मिळकतीवर कर्ज लादलं. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो असं आपणही म्हणतोच. ‘बार’ म्हणजे कोर्टातला आडवा कठडा. तिथूनच वकीलवर्गाला ते नाव मिळालं, आणि मुदतीच्या कायद्याने दावा ‘बार्ड’ होतो तो आडकाठीच्या अर्थाने. ‘डिस्चार्ज’मध्ये रुग्ण, आरोपी, कर्जदार आणि करार, सगळ्यांचं ओझं उतरतं. हे एकदा दिसलं की चार अर्थ चार ठिकाणी साठवावे लागत नाहीत. सगळीकडे असं मूळ हाती लागत नाही. पैशांची ‘बँक’ आणि नदीकाठची ‘बँक’ यांना आजच्या वाचकाने वेगळे शब्द समजणंच सोयीचं.

सगळ्यात चिवट ठरला ‘सँक्शन’. लोकसेवकावर खटला भरायला लागते ती मंजुरी, आणि वर्तमानपत्रात एका देशाने दुसऱ्यावर लादलेले निर्बंध. अगदी उलटे अर्थ. एखादं कार्ड आठ वेळा हुकलं की अँकी त्यावर आपोआप खूण करतं, आणि सेटिंगमध्ये तसं निवडलं असेल तर ते थांबवूनही ठेवतं. मला हे फार आवडलं, कारण तिथे घोकंपट्टी थांबवून वाक्य बदलायचं असतं. मी ‘सँक्शन’ला अधिक स्पष्ट वाक्य दिलं आणि तो बसला.

२०२३ मध्ये एफएसआरएस नावाची नवी वेळापत्रक-पद्धत अँकीत आली, ती जरूर चालू करा. किती टक्के आठवलं पाहिजे ते आपण सांगायचं, मूळ आकडा ९० आहे. तो ९५च्या पुढे नेला की रोजची कार्डं भराभर वाढतात आणि परीक्षेच्या काळात ते झेपत नाही. नवी कार्डंही मूळ सेटिंगप्रमाणे रोज २० येतात. स्वतः वाक्यं शोधणाऱ्याला पाच पुरेत.

फरक वाचनात दिसतो. आता निकाल वाचताना ओळखीचा शब्द विचित्र जागी बसलेला दिसला की नजर तिथे अडते, जो अर्थ कार्डांत नाही त्यासाठीसुद्धा. लिहिताना तो आत्मविश्वास अजून नाही. ओळखता येणं आणि वापरता येणं यांत अंतर आहे, आणि वाक्यातून अर्थ ओळखण्याच्या कार्डांनी ते भरत नाही. त्यासाठी अलीकडे उलटी कार्डं बनवते आहे : समोर मराठी वाक्य, मागे इंग्रजी.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर अँकी मोफत आहे, आयफोनचं अधिकृत अ‍ॅप विकत घ्यावं लागतं. मांडणी रुक्ष आहे, पहिला आठवडा सेटिंग समजण्यातच जातो. आयते शब्द हवे असतील तर याच्या वाटेला जाऊ नका. रोज थोडं इंग्रजी वाचत असाल, मग ते कायद्याचं असो, नर्सिंगचं असो की बँकेच्या परीक्षेचं, तर आज वाचलेल्या पानावरचा सगळ्यात सोपा वाटणारा पण वाक्यात नीट न बसणारा शब्द घ्या आणि त्याचं पहिलं कार्ड करा.