लेटेक्स घालून रात्रभर नाचायचं असेल तर: टॉर्चर गार्डन आणि किटकॅटसाठीच्या कपड्यांचा वापरानंतरचा अनुभव

निकाल आधी सांगतो. फेटिश क्लबच्या, म्हणजे रबर-चामड्याच्या कामुक पोशाखांच्या पार्टीच्या रात्री पहाटेपर्यंत नाचायचं असेल, तर पहिली खरेदी म्हणून पूर्ण कॅटसूट (गळ्यापासून पायांपर्यंत अंगाला चिकटून बसणारा एकसंध पोशाख) घेऊ नका. बिनबाह्यांचा टॉप आणि लेगिंग असे दोन वेगळे कपडे घ्या. कॅटसूट फोटोत भारी दिसतो, बारच्या कोपऱ्यात उभं राहायलाही छान आहे, पण डान्स फ्लोअरवर तासाभरात तो अंगावरचा स्टीमबाथ होतो.

इथे ज्यांबद्दल लिहिलं आहे ते कपडे ०.४ मिलिमीटर जाडीच्या लेटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे आहेत: मागे चेन असलेला एक कॅटसूट, पुढे चेन असलेला एक टॉप, एक लेगिंग आणि कोपरापर्यंतचे हातमोजे. वापर हिवाळ्यात सुरू झाला तो पुढचा उन्हाळा संपेपर्यंत, लंडनच्या टॉर्चर गार्डन या फेटिश पार्टीला आणि बर्लिनच्या किटकॅटक्लबला.

हे कपडे लागतातच कशाला, तर दारासाठी. टॉर्चर गार्डन १९९० मध्ये डेव्हिड वुड आणि ॲलन पेलिंग यांनी सुरू केलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनमध्ये 'ऑपरेशन स्पॅनर' खटल्यात आपसांतल्या संमतीने केलेल्या, वेदना देण्याघेण्याच्या लैंगिक कृत्यांबद्दल पुरुषांना शिक्षा झाल्या होत्या, आणि तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये त्यांना दोषी ठरवणारा निकाल कायम केला. अशा हवेत उभी राहिलेली ही पार्टी तेव्हापासून पोशाखाच्या नियमावर ठाम आहे. जीन्स, टी-शर्ट, रोजचे बूट असले तर तिकीट हातात असूनही दारावरून परत पाठवतात. हा आडमुठेपणा नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाने अंगावर काहीतरी धाडस केलेलं असलं की निव्वळ बघे उरत नाहीत, आणि आतलं वातावरण त्यामुळेच टिकतं. किटकॅट १९९४ चं, सिमोन थाउर आणि कर्स्टन क्र्यूगर यांनी सुरू केलेलं, आणि २००७ पासून क्योपेनिकर श्ट्रासेवरच्या जागेत. तिथे दारावरचा माणूस तुमच्याकडे दोन सेकंद बघून ठरवतो. चकाकणारं, नीट बसलेलं लेटेक्स दोन्ही दारांवर बिनतक्रार चालतं. सैल, पांढरट, पावडर माखलेलं लेटेक्स मात्र केविलवाणं दिसतं, आणि हा सगळा फरक घालण्याच्या पद्धतीचा आहे.

जाडीबद्दल. ०.२५ ते ०.३ मिलिमीटरचं पातळ लेटेक्स हलकं वाटतं, पण नखाला लगेच फाटतं. ०.६ च्या पुढे ते कोपर-गुडघ्याला अडतं आणि नाच राहतो बाजूला. ०.४ हा मधला, बहुतेकांनी स्वीकारलेला आकडा आहे. एका चौरस मीटरचं वजन जवळजवळ ४०० ग्रॅम, म्हणजे पूर्ण सूट किलोच्या आसपास जातो. माप अंगाच्या मापापेक्षा किंचित कमीच हवं. सैल घेतलं तर काखेत आणि गुडघ्यामागे सुरकुत्या पडतात, त्यांत घाम साचतो, आणि सारखी घडी पडून त्याच जागी जोड उघडायला लागतो. लेटेक्स शिवत नाहीत, चिकटवतात. म्हणून विकत घेताना चेनच्या खालच्या टोकाला आतून जास्तीची पट्टी लावली आहे का तेवढं जरूर बघा. आमच्याकडच्या कॅटसूटला ती नव्हती आणि पहिला जोड तिथूनच सुटला.

घालायचे दोन रस्ते आहेत, पावडर किंवा सिलिकॉनचं तेल. नाचायला जाणार असाल तर पावडर विसरा. टाल्कम पावडर आणि घाम मिळून राखाडी लगदा होतो आणि गळ्यातून, मनगटातून बाहेर येतो. काळ्या रबरावर तो लपत नाही. बिनवासाचं, पूर्ण सिलिकॉनचं वंगण पाच-सहा थेंब तळव्यांवर घ्या, आधी अंगाला लावा, मग कपडा आतून पुसल्यासारखा करा. जास्त घेतलंत तर लेगिंग नाचताना खाली घसरते. पाय घालताना कपडा ओढायचा नाही, बोटांच्या पेरांनी आणि तळव्याने थोडा थोडा वर सरकवायचा. नखं कापलेली हवीत, अंगठ्या काढलेल्या हव्यात. बहुतेक फाटणं घालताना होतं, नाचताना नाही. क्लोरीनची प्रक्रिया केलेलं लेटेक्स मिळतं, ते कोरड्या अंगावरही सरकतं. सोयीचं आहे, पण चकाकी थोडी कमी, आणि फाटलं तर त्यावर डिंक नीट धरत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट: फरशीवर टॉवेल पसरून त्यावरच हे सगळं करा. सिलिकॉन सांडलेली टाइल म्हणजे उंच टाचांसाठी सापळा. क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत हे भान नसलेले लोक भेटतात.

आता उष्णता. रबरातून हवा जात नाही, घाम उडून जात नाही, म्हणून शरीर थंड व्हायचा मुख्य मार्गच बंद होतो. घाम खाली उतरतो आणि कॅटसूटच्या पावलांत, हातमोज्यांच्या बोटांत साठतो. दर तासाला पाणी, अधूनमधून चिमूटभर मीठ-साखरेचं काहीतरी, आणि दारू कमी. डोकं हलकं वाटणं, मळमळ, अंगावर काटा येणं ही थांबायची खूण आहे. तेव्हा "आणखी एक गाणं" करायचं नसतं. टॉप-लेगिंगमध्ये टॉपची चेन चार इंच खाली केली की सुटका होते. मागे चेन असलेल्या कॅटसूटमध्ये दुसऱ्याचा हात लागतो. स्वच्छतागृहाचंही तसंच. ओल्या अंगाने कॅटसूट काढून परत चढवायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, बाहेर रांग वाढत जाते, आणि मग लोक पाणी पिणंच टाळतात. खरा धोका तो आहे. कॅटसूटच हवा असेल तर पायांमधून आरपार जाणारी, दोन्हीकडून उघडणारी चेन असलेलाच घ्या.

उलट बाजू बाहेरच्या रांगेत कळते. आतला गरमपणा जितका खरा, तितकाच जानेवारीतला गारठा खरा. पातळ रबर ऊब अजिबात धरत नाही. लांब कोट हवाच, आणि तो रस्त्यावर अंग झाकण्यासाठीही उपयोगी पडतो. क्लब चालवणाऱ्यांनाही शेजाऱ्यांशी वाद नको असतात. टॉर्चर गार्डनची पार्टी एंजल स्टेशनजवळच्या इलेक्ट्रोवर्क्झ या क्लबमध्ये असेल तर लंडनच्या नवख्यांची हमखास फजिती होते. भुयारी रेल्वेची शुक्रवार-शनिवारी रात्रभर धावणारी नॉर्दर्न लाइन चेअरिंग क्रॉसच्या फाट्याने जाते, एंजल मात्र 'बँक' स्टेशनच्या फाट्यावर आहे. परतताना किंग्ज क्रॉसपर्यंत चालायची तयारी ठेवा किंवा रात्रीची बस बघून ठेवा. घामाने आतून ओल्या लेटेक्सवर ती चाल नको वाटते, म्हणून बॅगेत कोरडा सुती कपडा आणि साधे बूट असू द्या. बर्लिनला हा प्रश्न नाही, शुक्रवार-शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर चालू असते आणि हाइनरिख-हाइने-श्ट्रासे स्टेशन क्लबच्या जवळच आहे.

आत वागण्याचे नियम दोन्हीकडे सारखे: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, कोणाचा फोटो काढायचा नाही. किटकॅटला फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागतं किंवा फोनच जमा होतो. लेटेक्स घातलेल्याला हे जास्त जाणवतं, कारण चकाकी बघून "हे कसं लागतं हाताला" म्हणत लोकांचे हात आपोआप पुढे येतात. "आधी विचारा" एवढं मोठ्याने सांगणं पुरतं. तरी कोणी ऐकलं नाही तर तिथल्या देखरेखीच्या माणसाला सांगा, ते त्यासाठीच उभे असतात.

घरी आल्यावर काय करता त्यावर कपड्याचं आयुष्य ठरतं. झोपण्याआधी धुवा, सकाळी नाही. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब, आधी बाहेरची बाजू, मग उलटा करून आतली. स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून प्लॅस्टिकच्या हँगरवर सावलीत टांगा. पिळायचं नाही, मशीन नाही, इस्त्री नाही, ऊन नाही. पारदर्शक लेटेक्स ओलं असताना दुधी दिसतं, ते पूर्ण निवळलं म्हणजे वाळलं. काळ्या रंगात हे दिसत नाही, म्हणून घड्यांच्या जागी बोट फिरवून बघा. नीट वाळलं की सिलिकॉनचा अगदी पातळ हात फिरवा किंवा आतून पावडर भुरभुरा, नाहीतर पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात.

आता तांबं. तांबं, पितळ, कासं यांचा स्पर्श झाला की रबरावर तपकिरी डाग पडतो आणि तो कशानेही जात नाही. लंडनच्या १ आणि २ पेन्सच्या नाण्यांवर तांब्याचा मुलामा असतो. पितळी किल्ल्या धरलेल्या हाताने पांढऱ्या टॉपला शिवलात तरी खूण उमटते. सांधेदुखीसाठी म्हणून तांब्याचं कडं घालणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांनी ते त्या रात्री काढलंच पाहिजे. फिके रंग घ्यायचे असतील तर हे आधी लक्षात घ्या. आम्ही काळा किंवा गडद लालच सुचवू. फिका आणि गडद कपडा एकत्र ठेवलात तर रंगही उतरतो.

दुसरा शत्रू आपल्या घरातला, खोबरेल तेल. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, लाटांसारखं सुरकुततं आणि मग साध्या ताणानेही फाटतं. केसांना तेल लावून गळाबंद टॉप घातलात तर मानेजवळची किनार सगळ्यात आधी जाईल. बॉडी लोशन, व्हॅसलीन, मसाज तेल यांचंही तेच. त्या दिवशी अंगाला काहीही लावू नका.

फाटल्यावरची दुरुस्ती पंक्चरवाल्याच्या पद्धतीचीच. चिरेच्या टोकाला गोल भोक पाडून ती पुढे पळणं थांबवायचं. पॅचचे कोपरे गोल कापायचे, कारण चौकोनी कोपरा उचकटतो. दोन्ही पृष्ठभाग बेंझिनने (benzine, म्हणजे डाग काढायचं पेट्रोलियम स्पिरिट; विषारी benzene नव्हे) पुसून रबर सोल्यूशनचा पातळ थर द्या, दहा मिनिटं वाळू द्या, मग बसवून रुळाने दाबा. एक दिवस ताणू नका. पॅच निघाला तर नव्याण्णव टक्के कारण एकच असतं: खाली राहिलेलं सिलिकॉन. आधी साबणाने, मग बेंझिनने, दोनदा पुसा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास देवाचा दिवासुद्धा नको, बेंझिनची वाफ पेट घेते. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन अडीअडचणीला चालतं, पण ते जाड असतं आणि जोडाजवळ गाठ राहते.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात कपडा ठेवणाऱ्यांनी जास्त सांभाळावं. दोडामार्गच्या रबर बागांजवळचा माणूस सांगेल की नैसर्गिक रबर ऊन आणि ओल दोन्हींना हळवं असतं. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, प्रत्येक कपडा वेगळा ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, रबर तो वास सोडत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा, चिकट झालं असेल तर परत धुऊन पावडर लावा.

शेवटी ॲलर्जीचं. नैसर्गिक रबरातल्या प्रथिनांची ॲलर्जी असणारे लोक असतात, आणि काहींना ती वारंवारच्या संपर्कातून नंतर सुरू होते. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी खाज, गांधी, डोळे सुजणं असं कधी झालं असेल तर हे कपडे तुमच्यासाठी नाहीत. पीव्हीसी किंवा चामड्याचा पोशाख घ्या, दारावर तोही चालतो. आमच्याकडचा टॉप अजून घट्ट आणि चकाकता आहे, लेगिंगवर दोन पॅच आहेत, हातमोज्यांच्या अंगठ्याजवळचा जोड सुटत चालला आहे. कॅटसूट फारसा बाहेर निघत नाही. टॉप-लेगिंगला पाचपैकी साडेचार, कॅटसूटला तीन, हातमोज्यांना दोन. तेही घातल्यावर ग्लास नीट धरता येत नाही म्हणून.